मुलांच्या अपस्मारावर शस्त्रक्रिया: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत, नियमित देऊनही मुलाच्या फिट थांबत नसतील, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार. तरीही ‘अजून एक गोळी बदलून पाहू’ म्हणत वर्षं निघून जातात, याचं फार वाईट वाटतं. दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 77 टक्के मुलांच्या फिट थांबल्या होत्या, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी फक्त 7 टक्के. दुसरं औषध फसलं की लगेच अपस्मार केंद्रासाठी चिठ्ठी मागा.

प्रत्येक मूल शस्त्रक्रियेला पात्र नसतं. फिट मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागातून सुरू होते आणि तो भाग काढला तर बोलणं, हालचाल शाबूत राहील का, हे व्हिडिओ ईईजी (मुलाचं चित्रण करत मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवणारी तपासणी) आणि एमआरआयवरून डॉक्टर ठरवतात. घरी फिट आली की मुलाला कुशीवर वळवा आणि दुसऱ्या कुणाला तरी मोबाईलवर चित्रण करायला सांगा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आता खर्च. महाराष्ट्रात आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार, मुलाचा जन्मदाखला, सगळे रिपोर्ट आणि औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटा. रेशनकार्डावर मुलाचं नाव चढलंय का, ते आजच उघडून बघा. ऐन वेळी धावपळ होते ती इथेच. तुमच्या मुलाची नेमकी शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे का आणि आधीच्या तपासण्यांचा खर्च कोण करणार, हे दोन्ही प्रश्न भरती होण्याआधी विचारा. पूर्वमंजुरीचा प्रस्ताव रुग्णालयच पाठवतं.

तिथे बसत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी. त्याला विहित अर्ज, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला (1.60 लाखांच्या आत) आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, रुग्णालय खासगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र हवं. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, आधी भरलेल्या बिलाची परतफेड मिळत नाही. त्यामुळे उसनवारी करून बिल भरण्याआधी अर्ज करा.

धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी 10 टक्के खाटा राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाकडे त्याबद्दल स्पष्ट विचारा. फुले योजनेची चौकशी 155388 वर मोफत करता येते.