सत्तूर घेण्याआधी

सत्तूर म्हणजे खाटकाचा जड, रुंद पात्याचा सुरा. त्याचं काम धारेपेक्षा वजनावर चालतं. म्हणून पात्यावर अंगठा फिरवून "धार कमी वाटते" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही आधी तो हातात तोलून बघायला सांगतो. भाजीच्या सुरीला दोन्ही बाजूंनी 15 ते 20 अंशांची धार लावतात. सत्तुराला 25 ते 30 अंशांची जाड धारच हवी. पातळ धार हाडावर पडली की दुमडते, नाहीतर तिचा कपचा उडतो.

मटणाच्या नळ्या, डुकराच्या बरगड्या, विसवणाचं (सुरमईचं) डोकं ही त्याची खरी कामं. पात्याच्या सपाट बाजूने आलं-लसूण छान चेचतं. नारळ फोडताना मात्र पाठीने ठोका, धारेने नको. फणस चिरायचा तर पात्याला आधी खोबरेल लावा, चीक धरत नाही. नुसत्या मांसाचे पातळ काप सत्तुराने काढू नयेत. त्याला साधी सुरी बरी. माशाच्या कापांना आपली आदोळी, म्हणजे विळी, आहेच.

घाव एकाच जागी घाला, दुसरा हात लांब ठेवा. पातं हाडात रुतलं तर डावीकडे-उजवीकडे पिळू नका, सरळ वर काढा. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक पात्यांचे कपचे या पिळण्यानेच गेलेले असतात. फ्रीजरमधलं गोठलेलं मटण आधी पूर्ण सुटू द्या. खाली लाकडाचाच ओंडका हवा. खाटीक चिंचेचा वापरतात, कारण ते लाकूड चिवट, त्याच्या ढलप्या सहसा निघत नाहीत. ग्रॅनाइटच्या ओट्यावर कधीच मारू नका.

आमचे सत्तूर कार्बन स्टीलचे आहेत. धार चांगली धरतात, पण गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत लवकर गंजतात. धुतल्यावर लगेच कोरडे करा. श्रावण लागला की ज्या घरांत गणपतीची चवथ होईपर्यंत सत्तूर टांगलेलाच राहतो, त्यांनी तेलाचा हात फिरवून तो कागदात गुंडाळून ठेवावा.

धार लावायला आमच्याकडे आणा किंवा घरी पाणी घालून दगडावर लावा. ग्राइंडरवर दाबून धरलेलं पातं तापून निळं पडतं आणि तेवढ्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाला तापवून-थंड करून आणलेला कडकपणा, उतरतं. मग धार कितीही लावा, टिकत नाही. मूठ काढून पात्याला नव्याने पाणी द्यावं लागतं. ते काम आम्ही करून देतो, पण सत्तूर थोडे दिवस आमच्याकडे ठेवावा लागेल.