भयलघुपटाची कलायोजना (विद्यार्थी निर्मिती)

विद्यार्थ्यांच्या भयलघुपटासाठी वेशभूषा, हाताळायच्या वस्तू म्हणजे प्रॉप्स आणि नेपथ्य यांची चित्रीकरणाआधी केलेली आखणी व जमवाजमव. व्यावसायिक चित्रपटात ही तीन स्वतंत्र खाती असतात. विद्यार्थी गटात बहुधा एकदोघेच सगळे सांभाळतात आणि चित्रीकरणाच्या दिवशी तेच क्लॅपही मारतात. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या चित्रपट संस्थेत कलादिग्दर्शन हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. इतर महाविद्यालयांत मात्र हे काम ‘ज्याला चित्रकला येते’ त्याच्या गळ्यात पडते. खरे तर येथे हस्तकौशल्यापेक्षा पटकथा बारकाईने वाचण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

पहिली पायरी पटकथेच्या ब्रेकडाउनची, म्हणजे प्रत्येक प्रसंगाला काय काय लागेल याची यादी काढण्याची. ‘आजी ट्रंक उघडते’ एवढ्या एका ओळीत ट्रंक, कुलूप, किल्ली, ट्रंकेतले सामान आणि आजीचे लुगडे अशा निदान पाच गोष्टी दडलेल्या असतात. ट्रंकेवर नाव रंगवलेले आहे का, झाकण करकरते का, किल्ली कनवटीला असते की देव्हाऱ्यात, हे प्रश्न याच टप्प्यावर सुटलेले बरे. प्रत्येक प्रसंगासमोर कथेतला दिवस लिहावा लागतो. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्यामुळे सातव्या प्रसंगात रक्ताळणारा शर्ट चौथ्या प्रसंगात कोरा दिसावा लागतो, आणि नेमका सातवा प्रसंग आधी चित्रित झालेला असतो. म्हणून असे कपडे एकाच रंगामापाचे तीन घेतात : एक स्वच्छ, एक डागाळलेला, एक राखीव. प्रत्येक शॉटनंतर मोबाइलवर फोटो काढून ठेवला की डाग डाव्या बाहीवर होता की उजव्या, यावर सेटवर वाद होत नाहीत.

वेशभूषेत सर्वांत जास्त साचेबंदपणा भुताच्या बाबतीत दिसतो. मोकळे केस आणि पांढरी साडी ही प्रतिमा पडद्यावर इतकी रुळली आहे की मराठी लोकसमजुतीतली भुते तिच्याखाली झाकली गेली. जखीण ही सवाष्ण मेलेल्या बाईचे भूत मानली जाते. तिला हिरवे लुगडे, हिरवा चुडा आणि कपाळभर मळवट शोभेल. मुंज्या म्हणजे मुंज झाल्यावर, पण लग्नाआधी मेलेला मुलगा. जानवे, लंगोटी आणि शेंडी एवढ्यात त्याचा वेश पुरा होतो, आणि तो स्वस्तही पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वाड्यातली ब्राह्मण विधवा दाखवायची असेल, तर पांढरी साडी सरळच चूक ठरते. केशवपन केलेली बाई त्या काळी आलवण म्हणजे तांबडे लुगडे नेसत असे. अंधाऱ्या माजघरात तो विटका तांबडा रंग पांढऱ्यापेक्षा अधिक अस्वस्थ करतो, हे सांगायला नको. शिवाय पांढरेशुभ्र कापड दिव्याखाली कॅमेऱ्यात ‘फुटते’, त्यातला तपशील नाहीसा होतो; पांढरे वापरायचेच झाले तर ते चहाच्या पाण्यात बुडवून मळकट करून घेतात.

कोऱ्या कपड्याची दुकानातली घडी कॅमेरा लगेच टिपतो. तो आधी दोनचार वेळा धुऊन, कॉलर व कोपरांवर पॉलिश पेपर घासून जुना केला जातो. धुळीसाठी सिनेमावाले मुलतानी माती वापरतात : ती बारीक असते, रंगाने फिकी असते आणि झटकली की निघते.

वस्तूंची निवड करताना पैसा कुठे खर्चायचा हे ठरवावे लागते. ज्या वस्तूवर कॅमेरा जवळून थांबणार आहे तीच अस्सल हवी. मागच्या फळीवरची पुस्तके रद्दीतली चालतात. १९७८ च्या ‘हॅलोवीन’ या अमेरिकी चित्रपटातला खुन्याचा मुखवटा हा दुकानातून दोन डॉलरच्या आत विकत घेतलेला, एका टीव्ही मालिकेतल्या नायकाचा मुखवटा होता. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोके मोठी केली, आणि ओळखीचा चेहरा भावशून्य झाला. कथेत शरद ऋतू आणि चित्रीकरण वसंतात, त्यामुळे त्याच गटाने रंगवलेली पाने रस्त्यावर पसरली आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला वापरली. विद्यार्थ्यांनी शिकावे ते या काटकसरीतून.

नकली रक्त हा वेगळाच विषय आहे. कृष्णधवल चित्रपटात चॉकलेट सिरप चालून जात असे. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये तेच वापरले आहे. रंगीत चित्रणासाठी साखरेच्या घट्ट पाकात खाण्याचा लाल रंग, गडदपणासाठी थोडी कोको पावडर आणि निळ्या रंगाचा एखादा थेंब घालतात. ताजे रक्त लाल आणि वाळलेले तपकिरी दिसते, म्हणून दोन भांडी वेगळी ठेवावीत. ज्या दिव्यात चित्रीकरण आहे त्याच दिव्यात चाचणी घेणे आवश्यक. पिवळ्या बल्बखाली हेच रक्त टोमॅटो सॉससारखे नारिंगी दिसते. पाक गोड असल्यामुळे तासाभरात मुंग्या हजर होतात, आणि प्रेताची भूमिका करणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते. हॉलिवूडचे रंगभूषाकार डिक स्मिथ यांच्या प्रसिद्ध कृतीत फिल्म धुताना वापरायचे एक द्रव्य असे, त्यामुळे ते रक्त तोंडात घेण्याजोगे नव्हते. कृती कुठूनही घेतली तरी ओठांजवळच्या रक्तात खाण्याच्या पदार्थांखेरीज काही नसावे.

नेपथ्याबाबत दोन वाटा आहेत. जर्मनीत १९२० साली प्रदर्शित झालेल्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’मध्ये वेड्यावाकड्या भिंती आणि सावल्यादेखील कापडावर रंगवल्या होत्या. नाटकाचे फ्लॅट, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या खोट्या भिंती, रंगवण्याची सोय असलेल्या महाविद्यालयाला ही वाट परवडू शकते, पण शैली शेवटपर्यंत निभवावी लागते. बहुतेक गट दुसरी वाट धरतात : मिळालेली जागा थोडी बदलायची. अशा वेळी कलायोजना करणाऱ्याने रेकीला, म्हणजे जागेच्या आगाऊ पाहणीला, जायलाच हवे. वाड्यात भीतीसाठी सामान वाढवण्यापेक्षा आधी ते कमी करावे लागते. स्विचबोर्ड, राउटर, प्लास्टिकची बादली, बँकेचे कॅलेंडर हटवले की अर्धे काम होते. मग भिंतीवर फोटो काढून घेतल्यासारखा फिकट चौकोन उमटवला, तर कोळिष्टकांपेक्षा तो अधिक बोलतो. कोळिष्टकांचा अतिरेक हा नवख्या भयपटाचा ठळक दोष आहे. कापूस ताणून केलेले जाळे जवळून कापूसच दिसते.

सामान मिळवण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. शाळांच्या स्नेहसंमेलनांना कपडे पुरवणारे ड्रेपरीवाले नऊवारी, धोतर, पगडी भाड्याने देतात, मात्र त्यांचा माल चकचकीत असतो आणि तो डागाळता येत नाही. कंदील, पितळी कुलपे, जुनी घड्याळे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मिळतात. नातेवाइकांच्या माळ्यावरचे सामान सर्वांत चांगले, पण ते परत करायचे असते. म्हणून वस्तू, मालक आणि परतीची तारीख असा तक्ता ठेवतात.

सुरक्षेची आखणी याच यादीत येते. उघड्या ज्योतीजवळ नायलॉनची साडी किंवा मोकळा विग नको; समईऐवजी लुकलुकता एलईडी दिवा दूरच्या शॉटमध्ये कळतही नाही. सुऱ्याच्या दोन प्रती करतात : जवळच्या शॉटसाठी धार काढून टाकलेली खरी, झटापटीसाठी रबराची. रस्त्यावर नकली पिस्तूल किंवा रक्ताने माखलेला नट घेऊन चित्रीकरण करायचे असेल, तर लागणारी परवानगी घेऊन स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवणे आवश्यक आहे, आणि सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून ठेवावे. चित्रीकरण संपल्यावर जागा पूर्ववत करण्यासाठी वेळापत्रकात अर्धा दिवस राखून ठेवावा लागतो. फरशीवरचा खाण्याचा रंग वाळल्यावर सहज निघत नाही, आणि अनामत रक्कम बहुधा त्या डागापायीच अडकते.