डिस्टिलरीचा वायू जमिनीखाली सोडायचा, तर खडकाचं काय होतं?

आम्ही खडकाचे नमुने तपासतो; डिस्टिलरी असलेले कारखाने हल्ली आम्हाला एक प्रश्न विचारतात : मळी आंबवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड आवारातच बोअर मारून खाली सोडता येईल का? वायू थोडाथोडका नसतो, एक लिटर इथेनॉलमागे साधारण पाऊण किलो. उत्तर आधीच सांगतो : पाण्याच्या बोअरमध्ये अजिबात नाही.

साठवणीला दोन खडक लागतात. खाली सच्छिद्र, बहुधा खारं पाणी भरलेला वालुकाश्म आणि त्याच्यावर घट्ट झाकणखडक, म्हणजे बहुतेक वेळा शेल (चिखल घट्ट होऊन झालेला खडक). खोली 800 मीटरच्या पुढे हवी. 31 अंश तापमान आणि 74 बार दाब ओलांडला की हा वायू दाट होऊन थोड्या जागेत मावतो. नॉर्वेजवळ समुद्रतळाखाली स्लाइपनर इथे 1996 पासून हेच चालत आलं.

वायू खडकात शिरला की खडकही बदलतो. पाण्यात विरघळून तो आम्ल होतो आणि वाळूचे कण धरून ठेवणारा चुनखडीचा बांध खातो. विहिरीलगत उलटं घडतं : कोरड्या वायूने खारं पाणी सुकतं, मीठ साचतं आणि छिद्रं बुजतात.

झाकणखडकाची छिद्रं अतिशय बारीक आणि पाण्याने भरलेली, त्यामुळे वायूला आत घुसायला मोठा दाब लागतो. आम्ल त्याला फार सावकाश पोखरतं. आमच्या मते खरी भीती दाबाचीच. अल्जीरियात इन सलाह इथे 2004 पासून वायू सोडला. जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात असल्याचं उपग्रहांनी टिपलं. झाकणखडकाच्या तळाशी भेगा वाढल्याची शंका आली आणि 2011 मध्ये काम थांबलं. जुन्या विहिरींचं सिमेंट हीही गळतीची वाट असते.

आता आपल्याकडचं. कोल्हापूरच्या पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. आइसलँडमध्ये 2012 साली पाण्यात विरघळवलेला वायू बेसॉल्टमध्ये सोडला, तेव्हा दोन वर्षांत 95 टक्क्यांहून जास्त वायूची खनिजं झाली. हे ऐकून बरेच जण हुरळतात. पण तिथला खडक तरुण. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, त्यातली बरीच छिद्रं झिओलाइट आणि कॅल्साइट या खनिजांनी आधीच भरलेली. शिवाय त्या पद्धतीत टनभर वायूमागे सुमारे 25 टन पाणी लागतं. कोयनेच्या खोल विंधनात बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइट-नाइस हा कठीण, जुना पायाचा खडक लागला, मधे वालुकाश्म-शेल नाहीच. आणि भूगर्भातल्या पाण्याचा दाब बदलला की काय होऊ शकतं, ते 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाने दाखवलंच आहे.

आंबवणीतला वायू बराच शुद्ध असतो. तो शीतपेयांना किंवा ड्राय आइसला विकता येतो का, हे आधी पाहा.

आम्ही फक्त खडकाच्या नमुन्यांची सच्छिद्रता, पारगम्यता (त्यातून पाणी-वायू किती सहज वाहतो) आणि खनिजं तपासतो. वायू सोडण्याची कामं घेत नाही. नमुना आणताना कोअर बॉक्सवर (विंधनातून काढलेले दंडगोल तुकडे ठेवायच्या पेटीवर) खोली आणि वरचं टोक लिहा. तुकडे उलटसुलट झाले, तर भेगांचा कल सांगता येत नाही.