लेटर की ए-फोर : आकृतीच्या पानामागची पार्श्वभूमी

ड्रॉ.आयओ या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लोचार्ट काढला, प्रिंट दिली आणि शेवटचे दोन चौकोन दुसऱ्याच कागदावर गेले, की बहुतेक जण आकृती दाबून लहान करायला घेतात. आधी पानाचं माप बघावं. ब्राउझरची भाषा अमेरिकी इंग्रजी असेल, तर हे सॉफ्टवेअर कोरं पान ‘लेटर’ या अमेरिकी कागदाच्या मापाचं उघडतं, आणि आपल्याकडच्या कित्येक कंप्युटरवर भाषा तीच असते. फाइलमध्ये रुंदी-उंची ८५० आणि ११०० अशी दिसते. एका इंचाला शंभर, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच. ए-फोर असेल तर तिथे ८२७ आणि ११६९ असतात. आपल्या प्रिंटरमधला ए-फोर लेटरपेक्षा सुमारे सहा मिलिमीटरने अरुंद आहे. कडेला चिकटवलेला चौकोन तेवढ्यानेच सीमेपलीकडे जातो.

ए-फोर, ए-थ्री ही मापं ज्या ए-मालिकेतली, तिच्यामागचा विचार फार जुना. २५ ऑक्टोबर १७८६ रोजी जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी प्राध्यापक बेकमान यांना लिहिलेल्या पत्रात तो आहे: लांबी-रुंदीचं गुणोत्तर १.४१४, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकं ठेवा, कागद मधोमध कापला तरी गुणोत्तर बदलत नाही. १७९८ च्या फ्रेंच मुद्रांक कायद्यात या प्रमाणातली काही मापं होती, पण ती मागे पडली. वाल्टर पोर्स्टमान यांच्या आराखड्यावरून १९२२ मध्ये जर्मनीत डीआयएन ४७६ हे मानक आलं. ए-झिरो एक चौरस मीटरचा, पुढचा प्रत्येक कागद आधीच्याच्या निम्मा. १९७५ मध्ये तेच आयएसओ २१६ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून जगभर गेलं. अमेरिका मात्र लेटरवरच राहिली.

आकृती काढणाऱ्याला हा फरक खरा जाणवतो तो पान मोठं करताना. ए-फोरची आकृती १४१ टक्के केली की ए-थ्रीवर चपखल बसते. लेटरची दुप्पट म्हणजे अकरा बाय सतरा इंच. तिथे गुणोत्तरच बदलतं. रुंदी भरेपर्यंत आकृती वाढवली तरी उंचीत जवळजवळ पावणेतीन इंच कोरे उरतात. मोठ्या नकाशांसाठी ए-मालिकाच सोयीची, हे माझं ठाम मत आहे.

व्हिजिओ हे आकृत्या काढायचं दुसरं सॉफ्टवेअर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या शेपवेअर कंपनीने आणलं. २००० मध्ये ते मायक्रोसॉफ्टकडे गेलं. त्यात आकृतीचं पान आणि प्रिंटरचा कागद ही दोन वेगळी मापं आहेत. इमारतीचा मोठा आराखडा एकाच पानावर काढून छोट्या कागदांच्या तुकड्यांत छापता यावा, म्हणून ही सोय फार मोलाची. पण एक बदललं आणि दुसरं विसरलं, की आकृती फाटते. २०१० च्या आवृत्तीत आकृतीबरोबर पान आपोआप वाढण्याची सोय आली, त्यामुळे पान कागदाबाहेर कधी गेलं हे कळतही नाही. म्हणून ‘पेज सेटअप’ उघडल्यावर आधी प्रिंटरचा कागद ए-फोर करावा, मग आकृतीचं पान त्याच्याशी जुळवावं, आणि आकृतीला हात त्यानंतरच लावावा.