छेददृश्य

छेददृश्य : वस्तू एका कल्पित प्रतलाने (सपाट पृष्ठाने) कापली आहे असे मानून, प्रतल व निरीक्षक यांच्यामधला भाग दूर केल्यावर उरलेल्या भागाचे काढलेले प्रक्षेपदृश्य (सपाट पृष्ठावर पाडलेले चित्र). कार्यशाळेत याला ‘सेक्शन’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता ‘छेद’ म्हणजे फक्त कापला गेलेला पृष्ठभाग. त्यामागे दिसणाऱ्या कडाही रेखाटल्या म्हणजे ते छेददृश्य होते. व्यवहारात हा भेद फारसा पाळला जात नाही.

या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. व्हिट्रूव्हिअस या रोमन वास्तुकाराने चित्रणाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तिसरे नाव ‘सीनोग्राफिया’ नसून ‘सायोग्राफिया’ असावे व त्याचा अर्थ छेद असावा, असे व्हेनिसचे विद्वान दानिएले बार्बारो यांनी 1556 मधील इटालियन भाषांतरात मानले. मूळ व्याख्येत मात्र समोरची बाजू आणि मागे सरकत जाणाऱ्या बाजू यांचा उल्लेख आहे. हे वर्णन छेदापेक्षा यथादर्शनाला (डोळ्याला दिसते तशा, दूर जाताना लहान होणाऱ्या चित्रणाला) अधिक जुळते. त्यामुळे बार्बारो यांचा पाठ ओढूनताणून लावलेला वाटतो. तेराव्या शतकातील फ्रान्सचे व्हिलार द ऑनकूर यांच्या रेखाटनवहीत छेदासारखी चित्रे आहेत, तर लिओनार्दो दा व्हिंची यांनी 1489 च्या सुमारास मानवी कवटी उभी कापलेली दाखवली. मात्र तलचित्र, बाहेरची भिंत व आतली भिंत अशी तीन चित्रे वेगवेगळी काढावीत, हा नियम इटालियन चित्रकार राफाएल यांच्या नावे असलेल्या, पोप दहावे लिओ यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात (सु. 1519) स्पष्ट आढळतो. पत्राचे लेखन करण्यात लेखक कास्तिल्योने यांचा हात होता. फ्रेंच गणितज्ञ गास्पार माँझ यांच्या 1795 मधील व्याख्यानांमुळे प्रक्षेपणाला सुसूत्र भूमितीय बैठक मिळाली.

छेदन प्रतल बारीक साखळी रेषेने (लांब व आखूड रेघा आलटून-पालटून असलेल्या रेषेने) दाखवतात. तिची टोके व वळणे जाड असतात, बाण पाहण्याची दिशा सांगतात. कापलेल्या पृष्ठभागावर साधारणतः 45° कोनात बारीक समांतर रेषा (हॅचिंग) मारतात. एकमेकांना लागून असलेल्या भागांत त्यांची दिशा किंवा अंतर बदलतात. एकाच भागाच्या सर्व तुकड्यांत मात्र ती सारखीच ठेवतात. पातळ पत्रे पूर्ण काळे भरतात.

नवशिक्याची चूक बहुधा अपवादांत होते. फ्लँज कपलिंगचे (दोन दंड चकत्यांनी जोडणाऱ्या जोडाचे) छेदन प्रतल अक्षातून जात असले, तरी दंड (शाफ्ट), चावी (दंड व चकती एकत्र फिरवणारी पाचर) व बोल्ट न कापलेलेच दाखवतात. त्यांच्या आत दाखवण्याजोगे काही नसते. बेअरिंगच्या आधारकाची फासळी (रिब) लांबीच्या दिशेने कापली गेली तरी तिच्यावर हॅचिंग करत नाहीत. केल्यास पातळ फासळीच्या जागी भरीव ठोकळा असल्याचा भास होतो. आडव्या छेदात मात्र तिला हॅचिंग लागते.

सममित वस्तूचा चौथा हिस्सा काढून अर्धछेद दाखवता येतो. त्यात छेद व बाह्य दृश्य यांची सीमा मध्यरेषा असते. पूर्ण, स्थानिक (लहान भागापुरता) व पायरीदार (प्रतल पायऱ्यांसारखे वळवून घेतलेला) छेद हे अन्य प्रकार होत. तिरक्या प्रतलाने घेतलेल्या छेदाचा खरा आकार नेहमीच्या दृश्यांत मिळत नाही; त्यासाठी छेदन प्रतलाला समांतर असे साहाय्यक प्रतल घ्यावे लागते.

इमारतीचा ‘प्लॅन’ हाही वस्तुतः आडवा छेदच असतो. तो जमिनीपासून साधारणतः एक मीटरच्या वर, खिडक्या कापल्या जातील अशा उंचीवर घेतात.