जेवणघराचा लाल रंग रात्री निवडावा

रंगाच्या दुकानातल्या शेड कार्डात सर्वांत फसवी पाने लाल छटांची असतात, हे मला आमच्या जेवणघराला रंग दिल्यानंतर कळले. एका रविवारी भर दुपारी, दुकानाच्या दारात उन्हाला उभे राहून आम्ही काड्यापेटीएवढ्या चौकोनातली एक डाळिंबी छटा पसंत केली. चार दिवसांनी रंगाऱ्याचे काम संपले आणि त्या रात्री दिवा लावून जेवायला बसलो, तेव्हा भिंत डाळिंबी नव्हती. तव्यावर जरा जास्त भाजलेल्या मिरचीसारखी ती काळपट तपकिरी दिसत होती. सकाळी पाहिले तर डाळिंब जागच्या जागी होते. रंग चुकीचा दिला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी मी कार्डावरचा तोच चौकोन रात्री भिंतीला लावून पाहिला, तर तोही तितकाच करपलेला निघाला. दुकानदार निर्दोष होता. ज्या उजेडात मी रंग निवडला, तो उजेड आमच्या जेवणघरात जेवणाच्या वेळी कधी नसतोच.

भिंतीला स्वतःचा प्रकाश नसतो. लाल रंगद्रव्य आपल्यावर पडलेल्या प्रकाशातले निळे, हिरवे आणि पिवळे किरण गिळून टाकते आणि साधारण ६०० नॅनोमीटरच्या (लहरीच्या लांबीचे हे माप) पुढचे, म्हणजे वर्णपटाच्या अगदी एका टोकाचे, किरण तेवढे परत पाठवते. पांढरी किंवा फिकट राखाडी भिंत सगळ्याच लांबीच्या लहरी थोड्याफार परतवत असल्यामुळे दिव्यात कशाची उणीव असली तरी तिचे निभावते. लाल भिंतीचा सगळा व्यवहार मात्र त्या एका टोकावर चालतो, आणि दिव्यात तेच टोक कमी असले तर परत पाठवायला तिच्याजवळ काही उरत नाही. सूर्यप्रकाशात लाल किरण भरपूर असतात. जुन्या, तारेच्या पिवळ्या बल्बमध्ये तर ते इतर सर्व रंगांपेक्षा जास्त असत, आणि म्हणूनच आपल्या आजी-आजोबांच्या घरातल्या लाल रंगाच्या वस्तू रात्रीही उबदार दिसत असाव्यात. आजचा पांढरा एलईडी वेगळ्या रीतीने पांढरा होतो. त्याच्या आतला कण साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देतो, त्यातला काही भाग वरच्या पिवळ्या लेपावर पडून पिवळसर प्रकाशात बदलतो, आणि या दोहोंच्या मिश्रणाला आपला डोळा पांढरे म्हणतो. या मिश्रणात गडद लाल भाग तोकडा असतो; आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या ६५०० केल्विनच्या शुभ्र दिव्यांत तर तो आणखीच तोकडा.

बल्बच्या खोक्यावर कधी कधी ‘सीआरआय ८०’ असा आकडा छापलेला असतो आणि ऐंशी गुण म्हणजे उत्तम, असे समजून आपण तो घेतो. दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात, याचा हा निर्देशांक आठ ठरावीक रंगनमुन्यांच्या गुणांची सरासरी काढून मिळतो, आणि गंमत अशी की त्या आठांत गडद लाल नमुनाच नाही. तो नववा आहे, त्याचे गुण ‘आर-९’ या नावाने वेगळे मोजतात, आणि सरासरीत ते धरले जात नाहीत. त्यामुळे ऐंशीचा दिवा नवव्या नमुन्यात शून्याच्या आसपास असू शकतो. गणितात नापास झालेल्या मुलाचे प्रगतिपुस्तक गणित वगळून काढावे, तसा हा प्रकार. लाल भिंत करायची असेल तर सीआरआय ९० किंवा अधिक, आर-९ निदान ५० च्या वर आणि रंगतापमान (हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर) २७०० ते ३००० केल्विन असलेला दिवा घ्यावा. भिंत पुन्हा रंगवण्यापेक्षा दिवा बदलणे केव्हाही स्वस्त. आमच्या भिंतीवरचे अर्धे करपलेपण तर टेबलावरचा एक दिवा बदलताच गेले.

उरलेल्या अर्ध्याचे कारण डोळ्यात आहे. १८१९ च्या सुमारास यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, उन्हात झळाळणारी लाल फुले पहाटेच्या अंधूक उजेडात जवळजवळ काळी दिसतात आणि त्यांच्याभोवतीची हिरवी पाने मात्र त्यांच्यापेक्षा उजळ वाटतात. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. भरपूर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशींमुळे रंग ओळखता येतात आणि त्यांची एकत्रित संवेदनक्षमता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. उजेड कमी झाला की दंडपेशी पुढे येतात, त्यांचे शिखर ५०७ च्या जवळ असते आणि लाल किरणांना त्या जवळपास आंधळ्या असतात. जेवणाच्या टेबलावर आपण मुद्दाम मंद दिवा लावतो. समजा भिंतीवर ३० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड पोचला आणि गडद लाल भिंतीने त्यातला १० टक्के परत पाठवला, तर ती भिंत इतकी अंधूक उरते की डोळा शंकुपेशी आणि दंडपेशी यांच्या मधल्या प्रदेशात जातो. टेबल उजळ, ताट उजळ, आणि मागची भिंत मात्र पहाटेच्या त्या फुलांसारखी काळवंडलेली. यावर उपाय दोन: लाल जरा उजळ घ्यावा, किंवा भिंतीवर थेट उजेड टाकणारा एखादा दिवा वेगळा लावावा.

याच्या उलट दिशेने ओढणारी एक गोष्टही खोलीत घडत असते, आणि ती कार्डावर कधीच दिसत नाही. कार्डावरून प्रकाश एकदा परततो आणि डोळ्यात येतो. चार भिंतींच्या खोलीत तो एका भिंतीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जातो. एखादा रंग लाल किरणांपैकी ५० टक्के आणि हिरव्या किरणांपैकी ५ टक्के परत पाठवतो असे धरले, तर पहिल्या आदळीनंतर लाल-हिरव्याचे प्रमाण १० ला १ असते. दुसऱ्या भिंतीवर आदळून आलेल्या प्रकाशात लाल २५ टक्के उरतो आणि हिरवा अवघा पाव टक्का, म्हणजे प्रमाण १०० ला १. तिसऱ्या आदळीला ते १००० ला १ होते. खोलीत दिसणारा रंग हा या सगळ्यांची बेरीज असतो. म्हणून कार्डावर सौम्य वाटलेला लाल चारही भिंतींना लावला की भडकतो, कोपऱ्यांत तर विशेषच, कारण तिथे दोन भिंती एकमेकींना सतत लाल करत असतात. एकच भिंत लाल ठेवून बाकीच्या फिकट ठेवण्याची अलीकडची पद्धत मला पूर्वी अर्धवट वाटत असे. हा हिशेब मांडल्यानंतर ती शहाणपणाची वाटू लागली. चारही भिंती लाल हव्याच असतील, तर मनात असलेल्या छटेपेक्षा एक पायरी मळकट, किंचित राखाडीकडे झुकणारी छटा निवडावी. खोली तिला आपोआप वर आणते.

आता छटेमागच्या रंगद्रव्याविषयी. आपण ज्याला सरसकट लाल म्हणतो, त्यात रसायनशास्त्राच्या दृष्टीने काहीच समान नसलेले पदार्थ येतात. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड, शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि आजच्या चमकदार लाल रंगातली नॅफ्थॉल, क्विनाक्रिडोन वगैरे द्रव्ये म्हणजे कार्बनच्या संयुगांची आधुनिक घराणी. जेवणाच्या खोलीला लाल भिंत देण्याची हौस दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमनांनाही होती, आणि इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत अशा भिंती आजही पाहायला मिळतात. श्रीमंतांच्या घरी त्यासाठी स्पेनच्या खाणीतला महागडा हिंगूळ वापरत, बाकीच्यांकडे लोहयुक्त लाल माती असे. व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुविशारदाने फाबेरियस नावाच्या एका लेखनिकाची हकिगत लिहून ठेवली आहे: त्याने आपल्या घरातल्या उघड्या चौकाच्या भिंती हौसेने हिंगुळाने रंगवून घेतल्या आणि तीस दिवसांत त्या डागाळून कुरूप झाल्या, तेव्हा त्याला दुसरे रंग लावून घ्यावे लागले. हिंगूळ बंद खोल्यांत टिकतो, ऊन लागले की काळा पडतो, असे व्हिट्रूव्हियसने बजावले आहे. लोहयुक्त मातीचे तसे होत नाही. त्याच पॉम्पेईत २०२४ मध्ये एक मोठे जेवणघर उघडकीस आले, त्याच्या भिंती चक्क काळ्या आहेत. तेलाच्या दिव्यांची काजळी दिसू नये म्हणून तसे केले असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे म्हणणे आहे. जेवणघराचा रंग रात्रीच्या दिव्याचा विचार करून ठरवावा, हे कोणाला तरी तेव्हाही सुचले होते.

पॉम्पेईच्या लाल भिंतींपैकी काही मुळात पिवळ्या होत्या आणि ज्वालामुखीच्या उष्ण वायूंनी त्या लाल झाल्या, असेही अभ्यासकांना आढळले आहे. पिवळ्या मातीतल्या लोहसंयुगात पाण्याचा अंश असतो. तापवल्यावर तो निघून जातो आणि हेमटाइट, म्हणजे लोहाचे लाल ऑक्साइड, उरते. आपल्या वीटभट्टीतही मातीचा रंग असाच पालटतो, तेव्हा विटकरी हा शब्द वापरताना आपण नकळत एक रासायनिक क्रियाच सांगत असतो. कोकणातला जांभा, अजिंठ्याच्या चित्रांतला तांबडा, वारली चित्रांखालचा गेरूचा सारवलेला थर आणि खिडकीच्या गजांना गंज लागू नये म्हणून लावायचा रेड ऑक्साइडचा हात, या सगळ्यांत लोहाचे हेच ऑक्साइड आहे. ते उन्हाने विटत नाही, ताज्या सिमेंटच्या गिलाव्यातल्या तीव्र अल्कलीला दाद देत नाही आणि स्वस्तही असते. उणीव एवढीच की त्यातून कुंकवासारखा झगझगीत लाल निघत नाही. विटकरी, गेरूवा, फार तर मळकट डाळिंबीपर्यंत मजल जाते. माझ्या मते जेवणघराला तेवढे पुष्कळ आहे.

झगझगीत लाल हवाच असेल तर त्याची किंमत रंगाऱ्याच्या मजुरीत मोजावी लागते. रंगाचा थर खालचे झाकतो, ते बऱ्याच अंशी रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारे चिकट माध्यम यांच्या अपवर्तनांकांतल्या, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते सांगणाऱ्या आकड्यांतल्या, फरकामुळे. माध्यमाचा अंक १.५ च्या आसपास असतो, पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७, हेमटाइटचा जवळपास ३. चमकदार सेंद्रिय लाल द्रव्यांचा अंक मात्र माध्यमाच्या फार पुढे जात नाही, म्हणून त्यांचा थर रंगीत काचेसारखा अर्धपारदर्शक राहतो. पांढरे मिसळून तो झाकणारा करावा तर लालाचा गुलाबी होतो. त्यामुळे अशा छटा पांढरे जवळजवळ नसलेल्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगद्रव्य मिसळतात त्या मूळ रंगात, तयार करतात, आणि पांढऱ्या प्रायमरवर दोन हात मारले की रोलरचे पट्टे जसेच्या तसे दिसत राहतात. चार-पाच हात मारत बसण्यापेक्षा खाली मध्यम राखाडी अस्तर द्यावे. लालाच्या थरातून निसटून खाली गेलेला प्रकाश पांढऱ्यावरून उसळी मारून परत येण्याऐवजी राखाडीत जिरतो आणि लाल दोन-तीन हातांत भरून येतो. आमच्या रंगाऱ्याला हे अजिबात पटले नव्हते, “लालखाली काळं कशाला, दादा?” असे तो दोनदा म्हणाला, आणि मग एका कोपऱ्यात हातभर पट्टा मारून पाहिल्यावर गप्प बसून बादलीत काळे स्टेनर, म्हणजे रंगात मिसळायचे दाट रंगद्रव्य, ओतू लागला.

जुनी भिंत खरवडण्याआधी एक सावधगिरी. पूर्वीच्या लाल, केशरी आणि पिवळ्या तैलरंगांत शिशाची संयुगे असू शकतात. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा थर असेल तर पॉलिश पेपर कोरडा चालवू नये, पाणी लावून घासावे, आणि तोपर्यंत भांडी व लहान मुले त्या खोलीत नसावीत.

लाल रंगाने भूक वाढते, म्हणून तो जेवणघराला चांगला, असे सजावटीच्या सल्ल्यांत हमखास सांगितले जाते. या समजुतीला प्रयोगांचा आधार फार लंगडा आहे. २०१२ मध्ये ‘अपेटाइट’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लाल ताटलीतून लोकांनी खाऊ कमी खाल्ला आणि लाल खूण असलेल्या पेल्यातून पेयही कमी प्यायले. पुढच्याच वर्षी इटलीतल्या संशोधकांना लाल ताटलीबाबत तसेच आढळले, शिवाय त्या ताटलीतले हाताला लावायचे क्रीमसुद्धा लोकांनी कमी वापरले, तेव्हा याचा भुकेशी कितपत संबंध आहे हाही प्रश्नच. हे प्रयोग ताटलीचे आहेत, भिंतीचे नाहीत. त्यांच्यावरून लाल भिंतीने वजन घटेल असे म्हणणे तितकेच हास्यास्पद ठरेल.

ताटावर भिंतीचा परिणाम होतो तो वेगळाच. लाल भिंतीवरून परतलेला उजेड पांढऱ्या भातावर गुलाबी झाक आणतो, आणि त्याच वेळी, नजरेत मोठा लाल पसारा असल्यामुळे, शेजारचा पांढरा रंग मेंदूला किंचित हिरवट भासतो. रंगांच्या या परस्परविरोधाचा अभ्यास मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये सविस्तर मांडला होता. दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडतात. दिवा थेट ताटावर पडत असेल तर भात भातासारखा दिसतो, छतावरून उसळलेला उजेड असेल तर गुलाबी बाजू वरचढ होते. छत पांढरे ठेवणे म्हणूनच बरे.

दुसऱ्या वेळी आम्ही दोन हात लांब-रुंद हार्डबोर्डचे तीन तुकडे घेतले, त्यांना राखाडी अस्तरावर तीन वेगवेगळे लाल दिले आणि ते टेबलामागच्या कोपऱ्यात, दोन भिंतींना टेकवून आठवडाभर ठेवले. दुपारी सर्वांत देखणा दिसणारा तुकडा रात्री आठला सर्वांत आधी काळवंडला. तिघांत फिका आणि दुपारी थोडा जुनाट वाटणारा, गेरूकडे झुकणारा तुकडा होता, तो नव्या दिव्याखाली वरणभाताच्या मागे तापलेल्या विटेसारखा उभा राहिला, आणि भिंतीवर तोच लागला.