नाताळ : आध्यात्मिक आशय

येशू ख्रिस्ताच्या जन्माचा ख्रिस्ती सण. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून मराठीत रुळला, त्याचे मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दात आहे. या सणाचा गाभा मात्र जयंती साजरी करण्यात नसून ‘देहधारण’ या श्रद्धेत आहे: जो अनादी, तोच काळात जन्माला आला, असे ख्रिस्ती धर्म मानतो. त्यामुळे जन्माची नेमकी तिथी कोणती, हा प्रश्न श्रद्धेच्या दृष्टीने दुय्यम ठरतो. येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील चार शुभवर्तमानांपैकी मत्तय व लूक या दोनच ग्रंथांत जन्मकथा आहे आणि तिथी कोणीच सांगत नाही. इ. स. ३५४ मध्ये रोम येथे संकलित झालेल्या एका पंचांगात २५ डिसेंबरची नोंद मिळते. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच हा सण पाळते.

योहानाच्या शुभवर्तमानात गोठा, मेंढपाळ किंवा तारा यांपैकी काहीही नाही. तेथे ‘शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली’ एवढेच म्हटले आहे; ‘शब्द’ म्हणजे येथे ख्रिस्त. ‘वस्ती केली’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये आलेले क्रियापद तंबू ठोकण्याशी संबंधित असून, इस्राएली लोकांबरोबर रानातून फिरणाऱ्या निवासमंडपाची, म्हणजे तंबूरूपी देवस्थानाची, आठवण करून देते. मत्तयाने योजलेल्या ‘इम्मानुएल’ या नावाचा अर्थही ‘आम्हांबरोबर देव’ असाच आहे. येशू पित्याशी एकतत्त्व आहे, हे इ. स. ३२५ च्या नायसिया येथील धर्माध्यक्षांच्या परिषदेने ठरवले. तर ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेने त्याच्या ठायी ईश्वरी व मानवी असे दोन्ही स्वभाव पूर्णपणे असल्याचे सांगितले. माणसाचे सोंग घेतलेला देव किंवा देवपदाला चढलेला माणूस, हे दोन्ही अर्थ त्यामुळे बाद झाले. मराठी वाचकाला येथे अवतारकल्पना आठवणे स्वाभाविक आहे. मात्र ख्रिस्ती विचारात ही घटना एकदाच घडलेली असून, धारण केलेला देह पुनरुत्थानानंतरही टाकून दिलेला नाही.

दुसरा धागा दैन्याचा आहे. लूकच्या वृत्तान्तात मरिया बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवते, कारण उतारशाळेत त्यांना जागा मिळत नाही. आणि वार्ता आधी कळते ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्रात प्रेषित पौलाने ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचे म्हटले आहे, त्याचेच हे चित्र होय. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे खरी गव्हाण, वाळलेले गवत, बैल व गाढव यांसह हा प्रसंग उभा केला. वसई व गोव्यात घरोघरी मांडले जाणारे गोठे याच परंपरेतले. बेथलेहेममधील जन्ममंदिराचे आजचे प्रवेशद्वार इतके बुटके आहे की मोठ्या माणसाला कमरेतून वाकूनच आत जावे लागते. ‘नम्रतेचे द्वार’ हे नाव भाविकांनी दिलेले. घोड्यावरून कोणी आत शिरू नये म्हणून ते लहान केले गेले, असे सहसा सांगतात.

नाताळचा आनंद क्रुसापासून तोडता येत नाही, ही बाब रोषणाईत सहज नजरेआड होते. पौर्वात्य चर्चच्या जन्मचित्रांत बाळ अंधाऱ्या गुहेत, प्रेताला गुंडाळावे तसे पट्ट्यांत गुंडाळलेले असते आणि गव्हाण दगडी शवपेटीसारखी दिसते. ताऱ्याच्या मागोमाग पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी आणलेल्या भेटींतील गंधरसही प्रेताला लावण्याचा पदार्थ होता. बेथलेहेमचा हिब्रू अर्थ ‘भाकरीचे घर’. स्वतःला जीवनाची भाकर म्हणवणारा तेथे गव्हाणीत, म्हणजे चाऱ्याच्या जागी निजतो, यातील संगती प्राचीन प्रवचनकारांनीही टिपली होती.

पाश्चात्त्य चर्चच्या उपासनेत नाताळची तयारी आगमनकाळाच्या चार रविवारांनी होते. हा काळ जितका स्मरणाचा तितकाच ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या प्रतीक्षेचा असतो. कॅथलिक परंपरेत मध्यरात्री, पहाटे व दिवसा अशा तीन मिस्सा (मुख्य उपासनाविधी) असून, त्यांपैकी दिवसाच्या मिस्सेत योहानाचा वरील उतारा वाचला जातो. श्रद्धासूत्र, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, म्हणताना ‘तो मानव झाला’ या आशयाच्या शब्दांपाशी एरवी भाविक नुसते लवतात. नाताळच्या दिवशी मात्र तेथे गुडघे टेकतात.